घरातील नेटवर्कवर उपकरणांना कायमचे आयपी पत्ते देण्याची पद्धत

काल व्यवस्थित छापणारा प्रिंटर आज संगणकावर ‘ऑफलाइन’ दिसतो, कॅमेऱ्याचे चित्र रेकॉर्डरवर येणे थांबते, फाइली साठवण्यासाठी नेटवर्कवर ठेवलेल्या नास या उपकरणाची ड्राइव्ह उघडत नाही. आणि तपासायला गेल्यावर प्रत्येक उपकरण सुरू असते, वायफायला जोडलेलेही असते. अशा प्रसंगी उपकरण बिघडलेले नसते, अनेकदा फक्त त्याचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवर त्याला गाठण्यासाठीचा आकड्यांचा पत्ता, बदललेला असतो आणि त्याला शोधणारा संगणक जुन्याच पत्त्यावर हाका मारत असतो. ज्या उपकरणांकडे इतर उपकरणांना वारंवार जावे लागते, त्यांना एकदाच कायमचा पत्ता नेमून दिला की ही अडचण मुळापासून मिटते. हे काम अवघड नाही. मात्र ते नेमके कुठे करायचे, हा निर्णय आधी नीट घ्यावा लागतो. माझे स्पष्ट मत असे आहे की घरगुती नेटवर्कमध्ये कायमचे पत्ते शक्यतो राउटरमध्येच नेमावेत, एकेका उपकरणात जाऊन भरू नयेत. त्याची कारणे पुढे येतीलच.

सुरुवातीला एक खुलासा. या लेखातील अंक देवनागरीत छापलेले असले, तरी राउटरच्या किंवा उपकरणाच्या सेटिंगमध्ये पत्ते भरताना ते इंग्रजी अंकांतच टाइप करावेत.

पत्ता बदलतो तरी का

घरातल्या राउटरमध्ये डीएचसीपी नावाची सेवा चालू असते. नवे उपकरण नेटवर्कला जोडले गेले की ते ‘येथे पत्ता देणारे कोणी आहे का’ अशी सर्वांना ऐकू जाणारी विचारणा करते, राउटर त्याला एक मोकळा पत्ता देऊ करतो, उपकरण तोच पत्ता औपचारिकपणे मागते आणि राउटर त्याला मंजुरी देतो. ही चार टप्प्यांची देवाणघेवाण क्षणभरात पार पडते. मिळालेला पत्ता मात्र कायमचा नसून ठरावीक मुदतीचा असतो. या मुदतीला लीज म्हणतात. राउटरच्या मूळ सेटिंगनुसार ती बहुधा काही तासांची किंवा एका दिवसाची असते. उपकरण सतत सुरू असेल, तर निम्मी मुदत सरताच ते नूतनीकरण मागते आणि तोच पत्ता त्याच्याकडे राहतो. बंद करून पुन्हा सुरू केलेले उपकरणही बहुधा आपला जुनाच पत्ता मागते.

म्हणूनच पत्ता महिनोन्महिने तसाच राहतो आणि आपल्याला तो कायमचा वाटू लागतो. मग एखाद्या दिवशी वीज जाते. अनेक राउटर आपली लीजची यादी तात्पुरत्या स्मृतीत ठेवतात, त्यामुळे पुन्हा सुरू होताना त्यांच्यापुढे कोरी पाटी असते. त्याच वेळी घरातली सगळी उपकरणे एकदम पत्ते मागू लागतात आणि जी आधी पोहोचतात त्यांना आधी पत्ते मिळतात. प्रिंटर आठवडाभर बंद राहिला आणि त्या काळात त्याची मुदत संपून तो पत्ता एखाद्या पाहुण्याच्या फोनला गेला, तरी परिणाम तोच होतो. यात राउटरची काही चूक नाही. मोकळा पत्ता मागणाऱ्याला देणे हेच त्याचे काम आहे. अमुक पत्ता अमुक उपकरणासाठीच राखून ठेव, हे त्याला आपण सांगितलेले नसते, एवढेच.

दोन पद्धती आणि त्यांतील निवड

पहिल्या पद्धतीत राउटरला सांगितले जाते की अमुक मॅक पत्त्याचे (म्हणजे नेटवर्क कार्डाच्या अमुक ओळखीचे) उपकरण आले की त्याला नेहमी हाच आयपी पत्ता द्यायचा. याला डीएचसीपी आरक्षण म्हणतात. उपकरणाच्या सेटिंगला हातही लावावा लागत नाही. ते नेहमीप्रमाणे पत्ता मागते आणि प्रत्येक वेळी तोच पत्ता मिळवते. दुसऱ्या पद्धतीत उपकरणाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये आयपी पत्ता, सबनेट मास्क (पत्त्याचा कोणता भाग साऱ्या नेटवर्कला समान आहे ते सांगणारा आकडा), गेटवे (बाहेर जाण्याचे दार, म्हणजे राउटर) आणि डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणारी सेवा) हे चारही तपशील हाताने भरले जातात आणि ते उपकरण राउटरला काहीही न विचारता तो पत्ता वापरू लागते. याला स्थिर किंवा स्टॅटिक पत्ता म्हणतात.

दोन्हींमध्ये वरवर फरक जाणवत नाही, कारण दोन्हीकडे पत्ता कायम राहतो. फरक आहे तो राउटरला काय ठाऊक असते याचा. आरक्षण केलेला पत्ता राउटरच्या नोंदीत असतो, त्यामुळे तो दुसऱ्या कोणाला दिला जात नाही. हाताने भरलेल्या पत्त्याची राउटरला खबरच नसते. तो पत्ता राउटर ज्या आवाक्यातून वाटप करतो त्याच आवाक्यात असेल, तर केव्हातरी तो दुसऱ्या उपकरणालाही दिला जाण्याचा धोका राहतो. काही राउटर पत्ता देण्यापूर्वी तो वापरात आहे का याची चाचणी घेतात आणि अनेक उपकरणेही मिळालेला पत्ता वापरण्याआधी तशी विचारणा करतात. परंतु मूळ उपकरण त्या क्षणी बंद किंवा झोपेत असेल, तर कोणीच उत्तर देत नाही आणि पत्ता मोकळा समजला जातो. नंतर ते उपकरण जागे झाले की एकाच पत्त्यावर दोघे हक्क सांगू लागतात. अशा वेळी संपर्क पूर्ण तुटतही नाही, कधी जमतो आणि कधी नाही, आणि म्हणूनच हा दोष शोधायला विलक्षण कठीण जातो.

आणखीही कारणे आहेत. हाताने पत्ता भरलेला लॅपटॉप दुसऱ्या ठिकाणी नेल्यावर तो तिथेही घरचाच पत्ता धरून बसू शकतो आणि इंटरनेट मिळत नाही. उद्या राउटर बदलला किंवा डीएनएस बदलायचे ठरवले, तर आरक्षणाच्या पद्धतीत बदल एकाच ठिकाणी करावा लागतो. हाताने भरलेल्या पत्त्यांच्या बाबतीत प्रत्येक उपकरण पुन्हा उघडावे लागते, आणि कॅमेऱ्यासारख्या उपकरणाचा पत्ता नव्या नेटवर्कशी जुळत नसेल तर त्याच्या सेटिंगपर्यंत पोहोचणेच जिकिरीचे होते.

हाताने पत्ता भरणे योग्य ठरते ते मोजक्या ठिकाणी. राउटरचा स्वतःचा पत्ता तसाच असतो. दुसरा राउटर केवळ ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे फक्त वायफाय पुरवण्यासाठी, वापरत असल्यास, किंवा घरासाठी स्वतंत्र डीएनएस सर्व्हर चालवत असल्यास, मुख्य राउटर अजून सुरू होत असतानाही त्यांचा पत्ता ठाम असावा म्हणून तो हाताने भरणे समजण्यासारखे आहे. राउटरमध्ये आरक्षणाची सोयच नसेल, तर अर्थातच दुसरा मार्ग उरत नाही.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्या वेगळे शुल्क घेऊन जो ‘स्टॅटिक आयपी’ देतात तो तुमच्या जोडणीचा बाहेरच्या जगाला दिसणारा सार्वजनिक पत्ता असतो. आपण येथे बोलत आहोत ते घराच्या आतल्या खासगी पत्त्यांबद्दल. त्यासाठी सेवा कंपनीकडे काहीही मागावे लागत नाही.

आधी कागदावर आखणी

राउटर उघडण्यापूर्वी थोडा वेळ आखणीला द्यावा, कारण पुढची सगळी शिस्त तिच्यावर उभी राहते. खासगी नेटवर्कसाठी तीन आवाके राखून ठेवलेले आहेत : १०.०.०.० ते १०.२५५.२५५.२५५, १७२.१६.०.० ते १७२.३१.२५५.२५५ आणि १९२.१६८.०.० ते १९२.१६८.२५५.२५५. ही विभागणी १९९६ मध्ये निश्चित झाली आणि घरगुती राउटरांमध्ये बहुधा तिसरा आवाका आढळतो. राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ आणि सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० असेल, तर पहिले तीन आकडे साऱ्या घराला समान असतात आणि शेवटचा आकडा उपकरणागणिक बदलतो. शेवटचा आकडा ० असलेला पत्ता खुद्द नेटवर्कचा आणि २५५ असलेला सर्वांना उद्देशून संदेश पाठवण्याचा, म्हणून उपकरणांसाठी १ ते २५४ असे एकूण २५४ पत्ते उरतात आणि त्यांतला एक राउटर घेतो. घरासाठी हे भरपूर आहेत.

या पत्त्यांचे तीन भाग करावेत. समजा, २ ते १९ हे हाताने भरायच्या मोजक्या पत्त्यांसाठी, २० ते ९९ हे आरक्षणांसाठी आणि १०० ते २४९ हे फोन, पाहुण्यांचे लॅपटॉप अशा ये-जा करणाऱ्या उपकरणांना राउटरने आपोआप वाटण्यासाठी. शेवटच्या भागाला डीएचसीपी पूल म्हणतात आणि त्याची सुरुवात व शेवट राउटरमध्ये बदलता येतो. आकडे हेच असावेत असे नाही. हाताने भरलेले पत्ते पूलच्या बाहेर असणे एवढी एकच अट कसोशीने पाळायची. आरक्षित पत्त्यांबाबत मात्र राउटरांचे वागणे सारखे नसते : काही राउटर पूलबाहेरचा पत्ता आरक्षणासाठी स्वीकारतात, तर काहींना तो पूलच्या आतलाच लागतो. तुमचा राउटर पूलबाहेरचे आरक्षण नाकारत असेल, तर पूल २० पासून सुरू करून आरक्षणे त्याच्या आतच करावीत. राउटरला ते पत्ते ठाऊक असल्याने त्यात धोका नाही.

त्याच कागदावर उपकरणांची यादीही करावी. प्रत्येक उपकरणाला कायमचा पत्ता देण्याचा हव्यास धरू नये. ज्याच्याकडे इतर उपकरणे जातात त्याला तो हवा : प्रिंटर, नास, कॅमेरे आणि त्यांचा रेकॉर्डर, घरातील स्वयंचलित दिवे-पंख्यांचे नियंत्रण केंद्र, दूरवरून उघडायचा संगणक, ॲक्सेस पॉइंट. फोन आणि टॅबलेट स्वतःच दुसऱ्यांकडे जातात, त्यांच्याकडे सहसा कोणी येत नाही. त्यांचा पत्ता रोज बदलला तरी कोणाचे काही अडत नाही.

आखणीच्याच टप्प्यावर आणखी एक निर्णय घेणे हिताचे ठरते. घरून कार्यालयाच्या नेटवर्कला व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरून जाणाऱ्या सुरक्षित खासगी जोडणीने, जोडून काम करत असाल आणि कार्यालयातही १९२.१६८.१ हाच आवाका असेल, तर एकच पत्ता दोन ठिकाणी असल्यामुळे घरचा प्रिंटर किंवा कार्यालयातला सर्व्हर यांपैकी एक सापडेनासा होऊ शकतो. १९२.१६८.० आणि १९२.१६८.१ हे आवाके अतिशय प्रचलित असल्याने ही टक्कर वारंवार होते. शक्य असल्यास राउटरचा पत्ता १९२.१६८.५७.१ असा कमी प्रचलित निवडावा. पण हा बदल आरक्षणे करण्यापूर्वीच करावा, कारण नंतर तो केल्यास सारी आरक्षणे नव्याने तपासावी लागतात. पत्ता बदलताच राउटरचे पान बंद पडेल. संगणकाची जोडणी तोडून पुन्हा जोडावी आणि नव्या पत्त्यावर ते पान उघडावे. पुढील उदाहरणांत मी सोयीसाठी १९२.१६८.१ हाच आवाका धरला आहे.

राउटरचे पान उघडणे

राउटरचा पत्ता बहुधा त्याच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर असतो. तेथे न मिळाल्यास संगणकावर किंवा फोनवर चालू जोडणीचा तपशील उघडावा; त्यात ‘गेटवे’ किंवा ‘राउटर’ या नावापुढे जो पत्ता दिसेल तो राउटरचा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) हा आदेश दिला की ‘डिफॉल्ट गेटवे’ या ओळीत तो मिळतो. हा पत्ता ब्राउझरच्या पत्तापट्टीत टाइप केला की राउटर नाव आणि पासवर्ड विचारतो. हा पासवर्ड वायफायचा नव्हे, तर राउटरच्या व्यवस्थापनाचा असतो आणि तो अजूनही कारखान्यातून आलेला मूळ पासवर्डच असेल, तर आधी तो बदलावा. काही नवे राउटर, विशेषतः मेश प्रकारचे (अनेक केंद्रे मिळून एकच वायफाय देणारे), मुख्यतः फोनवरील ॲपमधूनच चालवावे लागतात. तेथेही पुढचे टप्पे हेच असतात, फक्त जागा वेगळ्या असतात.

बदल करण्यापूर्वी राउटरच्या सध्याच्या सेटिंगची प्रत संगणकावर उतरवून घ्यावी. ही सोय बहुधा ‘सिस्टिम’ किंवा ‘ॲडमिनिस्ट्रेशन’ या विभागात ‘बॅकअप’ नावाने असते.

मॅक पत्ता मिळवणे, आणि तो खरा आहे याची खात्री करणे

आरक्षणाचा सारा व्यवहार मॅक पत्त्यावर चालतो. हा ४८ बिटांचा, बारा अक्षरांचा पत्ता नेटवर्क कार्डाची ओळख असतो. त्यात ० ते ९ हे अंक आणि ए ते एफ ही अक्षरे येतात. राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते आणि तीत प्रत्येकाचा आयपी व मॅक पत्ता शेजारी-शेजारी दिसतो. नावे बऱ्याचदा अर्थहीन असतात, तेव्हा कोणते उपकरण कोणते हे ओळखण्याचा साधा उपाय म्हणजे ते बंद करून यादीतून काय नाहीसे होते ते पाहणे. प्रिंटर, कॅमेरा, नास यांच्या अंगावरील पट्टीवरही मॅक पत्ता छापलेला असतो, आणि बहुतेक नेटवर्क प्रिंटर आपल्या सेटिंगची माहिती छापून देतात, त्यातही तो मिळतो.

येथे दोन गोष्टी काळजीपूर्वक पाहाव्या लागतात. पहिली अशी की मॅक पत्ता उपकरणाचा नसून त्याच्या प्रत्येक जोडणीचा असतो. लॅपटॉपला वायफायचा एक आणि केबलचा दुसरा असे दोन मॅक पत्ते असतात, प्रिंटरचेही तसेच. वायफायचा मॅक पत्ता नोंदवला आणि उपकरण केबलने जोडले, तर आरक्षण लागू होत नाही. म्हणून आधी जोडणी कशी असणार हे ठरवावे. नेहमी एकाच जागी राहणाऱ्या उपकरणाला केबल देता येत असेल तर ती द्यावी, असे मी आग्रहाने सुचवेन. पत्ता कितीही पक्का असला तरी वायफाय कमकुवत असेल तर त्याचा उपयोग होत नाही.

दुसरी गोष्ट बनावट मॅक पत्त्यांची. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनवर आयओएस १४ पासून फोन वायफायला जोडताना आपला खरा मॅक पत्ता लपवून प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळा, यादृच्छिक पत्ता वापरू शकतात, आणि सहसा मूळ सेटिंग तसेच असते. अनोळखी ठिकाणी माग काढला जाऊ नये, हा त्यामागचा चांगला हेतू आहे. पण असा पत्ता बदलला की आरक्षण निकामी होते. ओळखण्याची खूण सोपी आहे : मॅक पत्त्यातील दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई यांपैकी असेल, तर तो पत्ता उत्पादकाने दिलेला नसून स्थानिक पातळीवर तयार केलेला आहे. एखाद्या फोनला किंवा टॅबलेटला खरोखरच कायमचा पत्ता हवा असेल, तर घरच्या वायफायच्या तपशिलात जाऊन, अँड्रॉइडवर ‘प्रायव्हसी’ या पर्यायात उपकरणाचा मूळ मॅक वापरण्याचे निवडावे आणि आयफोनवर ‘प्रायव्हेट वायफाय ॲड्रेस’ बंद करावा. आयओएस १८ पासून तेथे ‘फिक्स्ड’ असाही पर्याय असून घरच्या नेटवर्कसाठी तो पुरेसा आहे. बदल केवळ घरच्या नेटवर्कपुरता करावा.

वायफायचा पल्ला वाढवणारा एक्स्टेंडर घरात असेल, तर आणखी एक शक्यता ध्यानात ठेवावी. काही एक्स्टेंडर आपल्या मागे जोडलेल्या उपकरणांचे मॅक पत्ते बदलून राउटरकडे पाठवतात. राउटरच्या यादीतला मॅक आणि उपकरणाच्या पट्टीवरचा मॅक जुळत नसेल, तर कारण बहुधा हेच असते. अशा वेळी राउटरला जो मॅक दिसतो तोच आरक्षणात लिहावा लागतो.

आरक्षण करणे

आता प्रत्यक्ष काम. राउटरच्या पानावर ‘लॅन’ किंवा ‘डीएचसीपी सर्व्हर’ हा विभाग शोधावा. प्रथम पूलची सुरुवात आणि शेवट आखणीप्रमाणे बदलून ते जतन करावे. त्याच विभागात आरक्षणाची यादी असते. तिचे नाव उत्पादकानुसार बदलते. कुठे ते ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ असते, कुठे ‘स्टॅटिक डीएचसीपी’, कुठे ‘स्टॅटिक लीज’, तर कुठे आयपी आणि मॅक यांच्या ‘बाइंडिंग’ या नावाने. शेवटच्या नावाबाबत थोडी सावधगिरी हवी, कारण काही राउटरांत ‘एआरपी बाइंडिंग’ नावाची वेगळी सुरक्षा-सोय असते. ती पत्ता नेमून देत नाही, तर अमुक पत्ता अमुक मॅककडेच आहे अशी राउटरची समजूत पक्की करते. आपल्याला हवी ती डीएचसीपीच्या विभागातली यादी.

‘ॲड’ हे बटण दाबून मॅक पत्ता, ठरवलेला आयपी पत्ता आणि उपकरणाचे ओळखीचे नाव भरावे. अनेक राउटर जोडलेल्या उपकरणांच्या यादीतून थेट निवड करू देतात. तीच वाट धरावी, म्हणजे बारा अक्षरे टाइप करताना चूक होत नाही. मात्र अशा निवडीत राउटर उपकरणाचा सध्याचाच आयपी पत्ता भरून ठेवतो, तो बदलून आखणीतला लिहावा. नाव देताना ‘प्रिंटर’ एवढेच न लिहिता ‘प्रिंटर-वायफाय’ किंवा ‘कॅमेरा-फाटक’ असे लिहावे. पुढे कधी दोष शोधताना हेच नाव उपयोगी पडते.

जतन केल्यावर उपकरणाचा पत्ता लगेच बदलत नाही, आणि अनेकांना येथेच आरक्षण फसले असे वाटते. उपकरणाकडे जुन्या पत्त्याची लीज अजून शिल्लक असते. नूतनीकरणाची वेळ येईपर्यंत ते जुनाच पत्ता वापरत राहते. उपकरण बंद करून पुन्हा सुरू करावे, किंवा संगणक असल्यास वायफाय बंद करून पुन्हा जोडावे. काही राउटर बदल अमलात येण्यासाठी स्वतःही पुन्हा सुरू करायला सांगतात. नवा पत्ता दुसऱ्याच कोणाकडे लीजवर असेल, तर आधी त्या उपकरणाची जोडणी तोडावी किंवा त्याची मुदत संपू द्यावी.

त्यानंतर पडताळणी. राउटरच्या यादीत नवा पत्ता दिसतो का ते पाहावे आणि संगणकावरून त्या पत्त्याला पिंग करून, म्हणजे छोटा चाचणी-संदेश पाठवून, उत्तर येते का ते तपासावे. विंडोज संगणकांचे फायरवॉल पिंगला उत्तर देणे नाकारू शकते, म्हणून उत्तर न येणे हा प्रत्येक वेळी दोषाचा पुरावा नसतो. प्रिंटर किंवा नास असेल तर त्याचे पान ब्राउझरमध्ये उघडून पाहणे अधिक खात्रीचे. खरी कसोटी मात्र राउटर आणि उपकरण दोन्ही बंद करून पुन्हा सुरू केल्यावरच लागते. ती एकदा घ्यावीच.

उपकरणातच पत्ता भरायचा असेल तर

ज्या मोजक्या उपकरणांना हाताने पत्ता द्यायचा त्यांच्यात चार तपशील लागतात : पूलबाहेरचा आयपी पत्ता, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे म्हणून राउटरचा पत्ता, आणि डीएनएस म्हणून पुन्हा राउटरचाच पत्ता किंवा तुम्ही वापरत असलेल्या डीएनएस सेवेचा. काही ठिकाणी सबनेट मास्कऐवजी ‘प्रीफिक्स लेंग्थ’ विचारली जाते. वरच्या मास्कसाठी तेथे २४ लिहावे. गेटवे चुकला तर उपकरण घरात सापडते पण इंटरनेटवर जात नाही; डीएनएस चुकले तर पिंग जमते पण नावाने संकेतस्थळ उघडत नाही. या दोन लक्षणांवरून चूक लगेच हुडकता येते.

विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’मधील ‘नेटवर्क अँड इंटरनेट’मध्ये जाऊन आपल्या जोडणीचे गुणधर्म उघडावेत आणि ‘आयपी असाइनमेंट’ समोरील ‘एडिट’ दाबून ‘मॅन्युअल’ निवडावे. ॲपलच्या मॅक संगणकावर ‘सिस्टिम सेटिंग्ज’मधील नेटवर्कच्या तपशिलात ‘टीसीपी/आयपी’ या भागात आयपीव्ही४ ‘मॅन्युअली’ ठेवावे. अँड्रॉइडवर वायफायच्या तपशिलात ‘आयपी सेटिंग्ज’ ‘स्टॅटिक’ करावे लागते, तर आयफोनवर नेटवर्कच्या नावापुढील वर्तुळातील चिन्ह दाबून ‘कॉन्फिगर आयपी’मध्ये ‘मॅन्युअल’ निवडावे. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की २०२३ मध्ये आलेल्या ‘बुकवर्म’ आवृत्तीपासून त्याची प्रणाली नेटवर्कमॅनेजर वापरते. त्याआधीच्या मार्गदर्शनांत सांगितलेली डीएचसीपीसीडीची फाइल बदलून तेथे आता काही होत नाही.

पत्ता पक्का झाल्यावर उरलेली कामे

पत्ता नेमल्यावर जे संगणक किंवा ॲप जुन्या पत्त्यावर बेतलेले आहेत ते सुधारावे लागतात, आणि हे काम विसरल्यामुळेच ‘आरक्षण केले तरी प्रिंटर चालत नाही’ अशी तक्रार उद्भवते. विंडोजमध्ये प्रिंटरच्या गुणधर्मांतील ‘पोर्ट्स’ हा भाग उघडून तो कोणत्या पत्त्याला जोडलेला आहे ते पाहावे. तेथे जुना पत्ता असेल, तर नवा ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ जोडून तो निवडावा. कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरमध्ये प्रत्येक वाहिनीसमोर कॅमेऱ्याचा पत्ता लिहिलेला असतो, तोही बदलावा. नासची ड्राइव्ह पत्त्याने जोडली असल्यास ती तोडून नव्याने जोडावी.

बाहेरून घरातल्या उपकरणापर्यंत पोहोचण्यासाठी राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केलेले असेल, तर तो नियमही नव्या पत्त्याकडे वळवावा. कायमचा पत्ता नसताना केलेला असा नियम धोकादायक असतो, कारण उद्या तोच पत्ता दुसऱ्या उपकरणाला मिळाला तर बाहेरचे दार नकळत त्याच्याकडे उघडते. त्याही पुढे जाऊन, कॅमेरा किंवा नास असा थेट इंटरनेटला उघडा ठेवूच नये. बाहेरून पाहायचेच असेल तर घरच्या नेटवर्कशी व्हीपीएनने जोडावे.

तरीही अडले तर

उपकरणाला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळाला असेल, तर त्याचा अर्थ त्याला डीएचसीपीकडून उत्तरच आले नाही आणि त्याने स्वतःच तात्पुरता पत्ता धारण केला. अशा वेळी आरक्षणात चूक शोधण्यापूर्वी केबल, वायफायचा पासवर्ड आणि राउटरमधील डीएचसीपी सेवा सुरू आहे का हे पाहावे.

उपकरणाला भलत्याच आवाक्यातला पत्ता मिळत असेल, म्हणजे घर १९२.१६८.१ चे आणि उपकरण १९२.१६८.० मधले, तर घरात पत्ते वाटणारे दोन राउटर आहेत असे समजावे. सेवा कंपनीने बसवलेला राउटर आणि आपण विकत घेतलेला राउटर एकामागे एक जोडलेले असतात तेव्हा हे घडते. दुसऱ्याला ‘ॲक्सेस पॉइंट’ स्थितीत टाकणे हा सर्वांत स्वच्छ उपाय. ती स्थिती नसेल तर त्याला मुख्य राउटरच्या आवाक्यातला पूलबाहेरचा पत्ता हाताने द्यावा, त्याची डीएचसीपी सेवा बंद करावी आणि मुख्य राउटरकडून येणारी केबल त्याच्या ‘वॅन’ खाचेऐवजी ‘लॅन’ खाचेत लावावी. एका नेटवर्कवर पत्ते वाटणारा एकच असला पाहिजे.

पत्ता बरोबर असूनही फोनला प्रिंटर सापडत नसेल, तर फोन पाहुण्यांसाठीच्या गेस्ट वायफायवर तर नाही ना ते पाहावे; ते नेटवर्क मुद्दामच घरातल्या उपकरणांपासून अलग ठेवलेले असते. एकाच पत्त्यावर दोन उपकरणे असल्याचा संशय आल्यास संशयित उपकरण पूर्ण बंद करून त्याच्या पत्त्याला पिंग करावे. तरीही उत्तर आले, तर त्या पत्त्यावर दुसरे कोणीतरी बसले आहे हे सिद्ध होते. पिंगनंतर लगेच एआरपी हा आदेश ए या पर्यायासह (arp -a) दिल्यास त्याचा मॅक पत्ता दिसतो आणि राउटरच्या यादीवरून ते कोण हे कळते.

आतापर्यंतचे सारे पत्ते आयपीव्ही४ या पद्धतीचे होते. आयपीव्ही६ या नव्या, लांब पत्त्यांच्या पद्धतीबद्दल थोडक्यात. अनेक घरांत आता ते पत्तेही असतात, पण त्यांचा पुढचा भाग सेवा कंपनीकडून येतो आणि बदलू शकतो, म्हणून ते हाताने पक्के करण्याच्या खटपटीत पडू नये. घरातल्या कामासाठी आयपीव्ही४ चे आरक्षण पुरते. शिवाय बरेच प्रिंटर, ॲपलचे मॅक संगणक आणि नास ‘डॉट लोकल’ या शेपटाचे नाव जाहीर करतात आणि त्या नावाने पत्ता न लक्षात ठेवताही सापडतात. ही सोय आरक्षणाच्या जोडीला जरूर वापरावी, पण केवळ तिच्यावर विसंबू नये, कारण रेकॉर्डरसारख्या कित्येक उपकरणांना अजूनही आकड्यांचाच पत्ता लागतो.

नोंदवही

सर्व आरक्षणे झाल्यावर राउटरच्या सेटिंगची नवी प्रत उतरवून घ्यावी आणि एका तक्त्यात प्रत्येक उपकरणाचे नाव, मॅक पत्ता, आयपी पत्ता, जोडणी केबलची की वायफायची, आणि पत्ता आरक्षित की हाताने भरलेला, हे लिहून ठेवावे. हा तक्ता केवळ नासवर ठेवू नये. नेटवर्क बंद असतानाच त्याची गरज पडते, म्हणून एक छापील प्रत राउटरजवळ असावी. राउटर मूळ स्थितीत आणला गेला तर सारी आरक्षणे पुसली जातात, आणि एका कंपनीच्या राउटरच्या सेटिंगची प्रत दुसऱ्या कंपनीच्या राउटरला सहसा चालत नाही. तक्ता हाताशी असेल, तर नव्या राउटरला जुन्याचाच पत्ता, तोच सबनेट मास्क आणि तोच पूल द्यावा, वायफायचे नाव व पासवर्डही तेच ठेवावेत आणि आरक्षणे एकेक करून भरावीत. हाताने पत्ते भरलेली उपकरणे काहीही न करता पूर्ववत चालू लागतात आणि बाकीची एकदा बंद करून सुरू केली की आपापल्या पत्त्यांवर येतात.